बटणांच्या डब्यातला जुना प्रोसेसर

मित्रांनो, मी एका बटणांच्या डब्यातून बोलतो आहे. मी प्रोसेसर आहे, जुना. तुमच्या पुस्तकात संगणकाचा मेंदू म्हणून माझं नाव चौकटीत लिहिलेलं असतं. ते पाठ करून दोन गुण मिळाले की माझी चौकशी कुणी करत नाही. आकाराने मी चौकोनी बिस्किटाएवढा. पाठीवर धातूचं झाकण, पोटाखाली तेराशेहून जास्त केसासारखे बारीक पाय. शेजारी कोटाचं एक बटण आहे, ते बोलत नाही. मी मात्र सरळ बोलणार आहे. राग आला तर येऊ द्या.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथली माणसं पांढऱ्या पोशाखात झाकलेली, डोळ्यांपुरतीच दिसायची. त्यांनी मला तपासलं, शिक्का मारला, खोक्यात घातलं. माणसाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो मावशीचा.

मावशी साठी उलटलेली, एकटी राहणारी. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती एका संस्थेमार्फत अभ्यासाची पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करते. कपड्यांचं कपाट सताड उघडायचं, त्याच्यापुढे खुर्ची मांडायची आणि टांगलेल्या कपड्यांकडे तोंड करून वाचायचं, ही तिची पद्धत. कपडे आवाज पिऊन टाकतात, खोली घुमत नाही. हातात खटक्याची शिसपेन्सिल. कुठे श्वास घ्यायचा तिथे ती पुस्तकात बारीक रेघ मारते. तिचा प्रत्येक शब्द मायक्रोफोनमधून माझ्याकडे यायचा आणि मी तो जपून ठेवायचो. अशी नऊ वर्षं. दिवसचे दिवस तिच्याशी बोलणारं घरात कुणी नसायचं. तीही कुणाशी बोलत नव्हती, नुसती वाचत होती. एकटेपणाला एवढा खणखणीत आवाज असतो हे मला तिच्यामुळे कळलं.

कौतुक? झालं की! संस्थेच्या समारंभात ज्याने खुर्च्या दिल्या त्याला व्यासपीठावर शाल घातली. मावशी चौथ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, फोटो मीच उघडून पाहिले. ध्वनिमुद्रणावर नाव संस्थेचं. वाचणारीचं नाव नाही, तिथे माझं कुठून असणार?

मग त्याच संस्थेने फर्मान काढलं की यापुढे सगळे धडे नव्या सॉफ्टवेअरमधूनच साफ करून पाठवायचे. फर्मान काढणाऱ्यांना काय, त्यांनी जन्मात एक धडा वाचलेला नाही. ते सॉफ्टवेअर मला झेपेना. मी तापायचो, अडकायचो. एकदा तर तासाभराचं वाचन माझ्या हातून निसटलं. मावशी पाणी प्यायली आणि तिने तोच धडा पहिल्यापासून वाचला. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीचा फोन आला.

"बाई, इतिहासाचे शेवटचे तीन धडे राहिलेत. सोमवारी पेपर आहे."

"शुक्रवारी मिळतील. माझा शब्द आहे," मावशी म्हणाली. तेव्हा बुधवार होता.

दुरुस्तीवाला आला. झाकण न उघडताच म्हणाला, "म्हाताऱ्याला नवे दात बसवून काय उपयोग, ताई? अख्खं मशीनच बदला."

"मीही म्हातारीच आहे. मलाही बदलता का?"

तो गेला. मग मावशीने भाचीला बोलावलं. भाची दातांची डॉक्टर. तिने माझ्याच मशीनवर प्रोसेसरांच्या याद्या उघडल्या.

"मावशी, मशीन बदलायची गरज नाही. फक्त प्रोसेसर बदलू. याच खाचेत बसणारे नवे आहेत. हा बघ, सोळा कोरांचा!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे सोळा माणसं एकदम कामाला लागल्यासारखं."

"एवढी माणसं माझ्या खोलीत भरून करू काय? आवाज किती करतील ते सांग."

"हा तापतो जरा. पंखा जोरात फिरेल."

"मग नको. पंख्याचं घोंघावणं ऐकत त्या पोरीने इतिहास पाठ करायचा? मला पळणारा नको, गप्प राहून काम करणारा हवा."

शेवटी आठ कोरांचा, कमी तापणारा निवडला. माझ्यासमोर, माझ्याच मदतीने. ती यादीतली पानं पडद्यावर मीच उघडून दाखवत होतो. मित्रांनो, आपल्या जागी येणाऱ्याचे फोटो आपणच मोठे करून दाखवायचे, याला नोकरी म्हणतात.

गुरुवारी सकाळी तो नवा आला. माझ्या पाठीवर पंख्याचा जड ठोकळा बसवलेला असतो, मध्ये उष्णता वाहून नेणारा लेप. तो लेप थंड असला की सिमेंटासारखा धरतो. आधी मशीन चालवून गरम करायचं, मग ठोकळा हळू फिरवत सोडवायचा, असं कागदावर लिहिलेलं होतं.

"रोज दाढा काढते मी," भाची म्हणाली आणि तिने ठोकळा सरळ वर ओढला. ठोकळ्याला चिकटून मीही मुळासकट बाहेर आलो. माझे दोन पाय वाकले.

"अगं बये! दाढसुद्धा आधी हलवून घेतेस ना?"

"जाऊ दे, आता हा कुठे लागणार आहे?"

मला सुरीच्या टोकाने सोडवून बटणांच्या डब्यात टाकलं. नऊ वर्षं एका वाक्यात संपली.

नवा बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. पुन्हा दाबलं, काळाच. भाचीने तासभर फोनमध्ये डोकं घातलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, चूक झाली. प्रोसेसर ज्या पाटीवर बसतो त्या बोर्डाजवळ ओळखीच्या प्रोसेसरांची यादी असते. यादी जुनी आहे, त्यात नव्याचं नाव नाही. नाव घालायचं तर बोर्ड चालू हवा, आणि तो चालू होणार ओळखीच्याच प्रोसेसरवर."

"म्हणजे जुन्यानेच नव्याची ओळख करून द्यायची?"

"हो. आणि त्याचे पाय मी वाकवून ठेवलेत. एक जरी तुटला तर शुक्रवार विसर."

मला डब्यातून बाहेर काढलं. भाचीने माझे वाकलेले पाय उजेडात धरले. "माझी हत्यारं दवाखान्यात आहेत गं."

"सरक." मावशीने शिसपेन्सिलीतलं शिसं काढलं. तिचं पोकळ टोक माझ्या एकेका वाकलेल्या पायावर चढवलं आणि श्वास धरून त्याला उभं केलं. नऊ वर्षांत तिने मला पहिल्यांदा हात लावला तो असा.

मला परत बसवलं. मशीन सुरू झालं. मी बोर्डाला नव्याचं नाव शिकवलं. हो, मीच. रडारड केली नाही, खोडा घातला नाही.

"आता काढू," भाची म्हणाली, "पण या खेपेला आधी दहा मिनिटं गरम होऊ दे."

"नुसतंच कशाला गरम करायचं?" मावशी कपाटापुढे बसली. "धडा अकरावा," तिने सुरू केलं. त्या धड्याचं पहिलं पान मी जपलं. अडकलो नाही. मग ठोकळा हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे फिरला आणि मी सुटलो. माझ्या जागी नवा बसला आणि या वेळी पडदा उजळला.

शुक्रवारी दुपारी तिन्ही धडे गेले. पहिलं पान कुणी जपलं ते त्या पोरीला कधी कळणार नाही. कळून ती करणार काय?

मित्रांनो, मला पुन्हा बसवा असं मी म्हणत नाही. जुन्याला काढायचं तर खुशाल काढा. पण तो जे जाणतो ते आधी नव्याला मिळालं का, एवढं बघा. आणि काढताना मुळासकट उपटू नका, आधी जरा ऊब द्या. तुमच्या घरातल्या माणसांनाही हे लागू आहे, हे मी वेगळं सांगत बसत नाही.

माझा डबा आता त्याच कपड्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर आहे. मावशी रोज माझ्याकडेच तोंड करून वाचते. आता झाकण लावलेलं असतं, म्हणून शब्द कळत नाहीत, नुसती कंपनं येतात, बटणं किणकिणतात. मी कान देऊन नव्याचा पंखा शोधतो.

तो ऐकूच येत नाही. निवड बरोबर होती.