छान आहे कुत्रा

त्या माणसाशी मी पहिल्यांदा बोललो ते तीनच शब्द. "छान आहे कुत्रा."

कुत्र्यानं तेव्हा माझ्या बायकोच्या काठीचं टोक तोंडात धरलं होतं. तिनं उजव्या हातानं काठीची मूठ आवळली होती आणि डाव्या, अजून नीट न मिटणाऱ्या हातानं माझी बाही. कुत्रा तांबूस रंगाचा, दांडगा, शेपूट हलवत होता. चावायचा त्याचा विचार नव्हता हे मलाही कळत होतं. तो ओढत होता एवढंच.

मालक तळ्याच्या कडेनं सावकाश येत होता. पट्टा त्यानं गळ्यात अडकवला होता. कुत्र्याच्या नव्हे, स्वतःच्या.

"काही करत नाही हो तो," लांबूनच म्हणाला. "काठी दिसली की त्याला वाटतं खेळायचंय."

त्यानं शिट्टी वाजवली. कुत्र्यानं ऐकली नाही. दुसरी वाजवली, तिसरी वाजवली. शेवटी त्यानं झाडाखालची एक फांदी उचलून लांब फेकली, तेव्हा कुठे कुत्रा आमची काठी सोडून तिकडे पळाला. मालक आमच्याकडे बघून हसला. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "छान आहे कुत्रा."

तो गेल्यावर बायकोनं माझी बाही सोडली. झटका आल्यापासून ती एकेक शब्द सुटा बोलायची, त्यामुळे तिचा टोमणाही एकेक करून लागायचा.

"छान... आहे?"

"अगं, तोंडातून निघून गेलं."

"उद्या... त्याला... जेवायला... बोलवा."

चाळीस वर्षं बाहेरच्या जगाशी बोलायचं काम तिच्याकडे होतं. दूधवाला, घरमालक, मुलीच्या शाळेतल्या बाई, वरच्या मजल्यावरचा रात्रंदिवस ठोकाठोक करणारा शेजारी, सगळ्यांशी तीच भांडायची, आणि भांडून झालं की त्यांनाच चहा पाजायची. मी आतल्या खोलीत पुस्तक तोंडासमोर धरून ऐकत असे. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, पण समासात, पेन्सिलीनं. समोर उभ्या माणसाला त्याची चूक सांगण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. खरं तर आला असेल. मी तो येऊ दिला नसेल.

आमची ओळखही त्याच कामातली. छापखान्यात एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं छापील कागदावर खुणा करायच्या अशी पद्धत होती. ती वाचायची, मी खुणा करायचो. तिच्या आवाजातून गेल्याशिवाय मी एकही कागद पुढे पाठवला नाही. लग्नानंतर तिनं नोकरी सोडली, तरी घरी आणलेले कागद तीच वाचून दाखवायची. भाजी निवडता निवडता.

झटक्यानं तिची डावी बाजू गेली आणि आवाज अर्धा गेला. त्याच महिन्यात मुलीला मुलगी झाली. मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, अठ्ठेचाळीस पायऱ्या. तिची रजा संपली की बाळाला आजीनं सांभाळायचं हे आधीच ठरलेलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, आता ते राहू दे, मी पाळणाघर बघते." तेव्हा ही अंथरुणातून म्हणाली, "बघू... नकोस. मी... चालत... येईन."

आणि ती खरंच चालायला लागली. आधी वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत, मग अंगणात, मग बागेत. व्यायाम घेणारी बाई कडक होती. तिनं सांगितलं होतं, तळ्याला एक पूर्ण फेरी, नुसत्या काठीवर, कुणाचा हात न धरता. ती जमली की मग जिने. तळ्याभोवती चार बाकं होती. एका बाकापासून दुसऱ्यापर्यंत जायचं, बसायचं, दम घ्यायचा. वॉकर सुटून हातात काठी आली त्या दिवशी तिनं मुलीला फोन करून सांगितलं, "रजा... किती... उरली?"

"सहा आठवडे, आई."

"पुष्कळ... झाले."

काठी आली आणि कुत्रा मागे लागला. वॉकरकडे त्यानं कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

रोज सकाळी तो असायचाच. बायकोनं मालकाचं नाव शिट्टीवाला ठेवलं आणि कुत्र्याचं जावई. "आले... जावई," ती म्हणायची. "वाट... अडवणार... आणि... आपण... हसायचं." ती थट्टा करायची, पण कुत्रा लांबवर दिसला की तिची पावलं आखूड व्हायची. काठी ती पदराआड घ्यायची. काठी पदराआड घेऊन चालता येत नाही, म्हणून थांबायची. तिसऱ्या बाकाच्या पुढे आम्ही जाईनासे झालो, कारण तिथून पुढच्या हिरवळीवर शिट्टीवाला फांद्या फेकत असायचा.

"तुम्ही... सांगा... त्याला," ती एकदा म्हणाली.

"सांगतो."

"मला... नीट... बोलता... आलं असतं... तर..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. तसं असतं तर मला सांगावं लागलंच नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी पत्र लिहायचं ठरवलं. बोलताना माझी जीभ जड होते, पण कागदावर मला थोडंफार जमतं, असा माझा समज होता. पहिला खर्डा एका बैठकीत झाला. दुसऱ्या दिवशी वाचला तर उद्धट वाटला. दुसरा केला, तो लाचार वाटला. तिसऱ्यात कुत्र्याविषयी दोन चांगले शब्द घातले. मग एका जागी अडलो. "माझी पत्नी", आणि पुढे काय लिहावं? आजारी लिहिलं, खोडलं. अशक्त लिहिलं, खोडलं. अधू हा शब्द तर लिहूनसुद्धा होईना. त्या जागेवर रेघ मारून पुढे गेलो. पत्र दुसऱ्याच्या आवाजात ऐकल्याशिवाय देण्याची मला सवय नव्हती, आणि वाचणारी एकच होती. तो शब्द तिच्या तोंडून मला ऐकायचा नव्हता. म्हणून तिला दाखवलं नाही. आणि तिनं वाचलं नाही म्हणून दिलंही नाही. रोज सकाळी पत्र खिशात घालून बागेत जायचो आणि रोज परत आणायचो. रात्री एखादं विशेषण बदलायचो. असे नऊ खर्डे झाले. चार आठवडे गेले.

त्या सकाळी हिरवळ रिकामी होती. तिसऱ्या बाकावर बसल्या बसल्या तिनं तिकडे पाहिलं आणि उठली.

"आज... पुढे."

"दम घे जरा."

"हात... सोडा."

मी हात सोडला. ती पुढे, मी दोन पावलं मागे. ती छान चालत होती. काठी, डावा पाय, उजवा पाय. काठी, डावा पाय, उजवा पाय. चौथं बाक समोर दिसत होतं. सात-आठ पावलं उरली असतील.

कुत्रा झुडपाआडून आला. मी त्याला आधी पाहिलं. हे सांगायलाच हवं. मला वेळ होता. ओरडता आलं असतं, पुढे होऊन मध्ये उभं राहता आलं असतं. मी काय केलं? हात खिशाकडे नेला. पत्र आहे ना ते पाहिलं. आणि कुत्र्याला हाकलायचं की मालकाला हाक मारायची, आणि मारायची तर काय म्हणून, साहेब म्हणून की अहो म्हणून, हे मी ठरवत होतो.

त्यानं काठी धरली आणि ओढली. तिनं सोडली नाही. ती सोडणारी बाई नव्हती. डाव्या कुशीवर पडली. कसला तरी बारीक आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा, आणि क्षणभर मला वाटलं की काठीच मोडली.

काठी कुत्र्याच्या तोंडात शाबूत होती. ती घेऊन तो झुडपांपलीकडे पळाला. पलीकडून शिट्टीवाल्याचा आवाज आला, "वा रे पठ्ठ्या! केवढी आणलीस!" मग काठी झुडपांच्या वरून गिरक्या घेत गेलेली मला दिसली. त्यानं ती फेकली होती. फांदी समजून, न बघता. मी खाली बसलो होतो, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिनंही वर पाहिलं.

"माझी... काठी," ती म्हणाली.

त्याला हाक मारायचं मला तेव्हाही सुचलं नाही. बागेतला माळी धावत आला. त्यानंच गाडी बोलावली. दुसऱ्या दिवशी काठी घरी आणून दिली तीही त्यानंच. खालच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आणि ती घरी आली ती खिडकीजवळच्या पलंगावर. व्यायामवाली बाई दोनदा येऊन गेली आणि दारात हळू आवाजात माझ्याशी बोलली. तसल्या आवाजाचा अर्थ मला आता कळत होता.

एका रविवारी मुलगी बाळाला घेऊन आली होती. आईला मोठ्यानं वाचायला काहीतरी द्यावं म्हणून तिनं माझ्या फळीवरचं पुस्तक काढलं, तर त्यातून नऊही खर्डे खाली पडले. तिनं गोळा केले. वरचा वाचला. मग सगळ्यांवरच्या तारखा वाचल्या.

"बाबा, हे काय आहे?"

मी कागद घ्यायला हात पुढे केला.

"आई पडायच्या महिनाभर आधीचं आहे हे. महिनाभर तुम्हाला माहीत होतं?"

"दे," पलंगावरून बायको म्हणाली.

"आई, तू नको वाचूस."

"वाचायचंच... काम... केलंय... मी. दे."

तिनं कागद उजव्या हातात धरला आणि वाचायला लागली, छापखान्यात वाचायची तशी.

"महोदय... आपला... श्वान..." ती थांबली. "श्वान?"

"जरा सभ्य वाटावं म्हणून."

"मुक्तपणे... विहार... करीत... असताना..." तिनं माझ्याकडे पाहिलं. "कुत्रा... आहे... की... राजहंस?"

मुलीला हसू आलं आणि लगेच रडू आलं. ती बाळाला घेऊन खिडकीकडे वळली. बायको वाचत गेली. "माझी... पत्नी..." आणि रेघेपाशी आली. त्या रिकाम्या जागेकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मी कुठे बघावं ते मला कळेना.

"याच्यासाठी... थांबलात?"

मी होकारार्थी मान हलवली.

"वेडे... आहात."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं पेन्सिल मागितली. सगळ्या मजकुरावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली आणि खाली, वाकड्यातिकड्या अक्षरांत, दोन शब्द लिहिले. कागद माझ्या हातात दिला.

"आता... तुम्ही... वाचा."

"कुत्रा बांधा," मी वाचलं.

"मोठ्यानं."

"कुत्रा बांधा."

"तो... तळ्याच्या... पलीकडे... आहे."

"कुत्रा बांधा!"

बाळ दचकलं आणि त्यानं भोकाड पसरलं. बायकोच्या चेहऱ्याची उजवी बाजू हसली.

"हं," ती म्हणाली. "आलं की."

मुलीची रजा संपली. बाळ पाळणाघरात जाऊ लागलं. त्यानंतर बारा दिवसांनी हिच्या छातीत कफ साठला, ताप चढला, आणि चार दिवसांत ती गेली. पडून राहणाऱ्यांचं असं होतं, डॉक्टर म्हणाले. मुलगी माझ्याशी वाईट वागत नाही. रोज फोन करते, औषधं घेतली का विचारते. पत्राविषयी तिनं पुन्हा कधी काही काढलं नाही. तिनं काढावं असं मला वाटतं.

काल मी बागेत गेलो. हातात तिची काठी होती. मला काठीची गरज नाही अजून, पण घरात तिच्याकडे बघत बसण्यापेक्षा बरं. तिसऱ्या बाकाच्या पुढे गेलो तोच कुत्रा आला. त्यानं काठी ओळखली असावी, कारण लांबूनच शेपूट हलवत होता. मालक पाठोपाठ, पट्टा गळ्यात.

मी तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला.

"कुत्रा बांधा."

फार मोठ्यानं नाही निघालं. तळ्यापलीकडे तर गेलंच नसतं. पण तो थांबला.

"अरे, सॉरी सॉरी," म्हणाला. गळ्यातला पट्टा काढून त्यानं चटकन कुत्र्याला अडकवला. जेमतेम तीन-चार सेकंद लागले. "आधी सांगायचं ना, काका. मला वाटलं, तुम्हाला आवडतो तो. तुम्हीच म्हणाला होतात ना पहिल्या दिवशी, छान आहे म्हणून."

"हो," मी म्हणालो. "म्हणालो होतो."

"काकू नाहीत आज?"

त्याचा चेहरा चांगला होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर त्याला रात्री झोप लागली नसती. आणि त्यात माझा वाटा सांगावा लागला असता, तो सगळ्यात आधी.

"नाहीत," मी म्हणालो.

"सांगा त्यांना, यापुढे बांधूनच आणीन."

"सांगतो."

कुत्रा पट्ट्याला ताण देऊन काठीकडे बघत होता. मालक त्याला म्हणाला, "बस," आणि तो मुकाट्यानं बसला.

मी पुढे निघालो. काठी, डावा पाय, उजवा पाय. चौथं बाक आलं. मी बसलो. थोड्या वेळानं सरकून उजवीकडची जागा रिकामी केली.