पोचूच्या जागी बिरजू

दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. म्हणणाऱ्यानं कधी फुटबॉलची टीम सांभाळलेली नसावी. बल्लारशाच्या कोळसा खाणीत हजेरी घेणारे वहाबभाई खाणीची टीमही सांभाळत, आणि त्यांच्या वाट्याला देवानं पोचू धाडला होता.

पोचू जिवतीच्या डोंगरातला गोंड पोरगा. अनवाणी पायानं असा बॉल काढायचा की अडवायला आलेले एकमेकांवर आपटत. पण पास मागा, देणार नाही. उजवीकडे जा म्हटलं की हटकून डावीकडे. आणि ऐन मॅचच्या तोंडावर गडी गायब! वहाबभाई शिव्यांची लाखोली वाहत, ‘आता काढूनच टाकतो’ म्हणत, आणि तो परतला की आपल्या डब्यातली भाकर त्याच्यापुढे सरकवत. त्यांना मूलबाळ नव्हतं. जीव लागला होता, दुसरं काय!

पोचू जायचा सोमाजीच्या शेतावर. सोमाजीची मंगली त्याला हवी होती. त्यांच्यात रीतच होती: पोरानं मुलीच्या बापाकडे राबायचं, बापाचं मन भरलं की लग्न. पेरणी, तण काढायची डवरणी, कापणी आली की पोचू खाण सोडून तिकडे पळे.

त्या वर्षी श्रावणात नागपूरला कपाची फायनल आली आणि नेमकी तेव्हाच डवरणी.

“मी नाई येत, भाऊ. डवरणी चुकली त सासरा दारात उभा नाई करत.”

“अबे, कप हातात येऊन राह्यला! तुह्या जागी बदली धाडतो. खाणीत नाई धाडत का? काम झाल्याशी मतलब.”

पोचू अंगठ्यानं माती उकरत राहिला. “सासऱ्याले चालन?”

“मी सांगून राह्यलो ना! माह्यावर सोड.”

आयुष्यात पहिल्यांदा पोचूनं त्यांचं ऐकलं.

वहाबभाईंनी बदलीही पारखून निवडला. बिरजू, पोचूच्याच समाजातला, बिनलग्नाचा, खाली मान घालून राबणारा. तिथंच घात झाला.

नागपुरात पोचू असा खेळला की समोरच्या टीमचे लोकही टाळ्या पिटू लागले. कप आला. सासऱ्याला दाखवू म्हणून वहाबभाई तो काखेत मारून पोचूबरोबर जिवतीला गेले.

सोमाजीच्या ओसरीवर बिरजू जेवत होता आणि मंगली त्याला वाढत होती.

“तूच त माणूस धाडला आपल्या जागी,” सोमाजी शांतपणे म्हणाला. “ज्यानं जागा देल्ली, त्यानं पोरगी सोडली. मी पंच बसवले. बिरजूले शब्द देल्ला.”

“अरे, तो बदली होता! गलती माही हाये, या पोराची नाई!” वहाबभाईंनी टोपी काढून सोमाजीच्या पायाशी ठेवली.

“शब्द गेला, भाऊ. जावयाचा बदली नसते.”

मंगलीनं पोचूकडे पाहिलं. “मी बांधावर वाट पाहून राह्यली होती. हा आला. मले वाटलं, तुले मी नाई पायजे. मंग मी हो म्हटलं.”

तिचे डोळे भरले आणि ती आत गेली. पोचूनं आपल्याला मारावं, निदान शिवी द्यावी, असं वहाबभाईंना फार वाटलं. त्यानं टोपी उचलली, झटकली, त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि वाटेला लागला.

त्यानंतर पोचू कुठंच पळाला नाही. सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. मागायच्या आत पास. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. खाणीचे साहेब म्हणाले, “वहाबमियाँ, पोराला वळण चांगलं लावलंत!” त्या दिवशी वहाबभाईंनी डबा न उघडताच घरी नेला.

पुढच्या मॅचला गोलसमोर पोचू एकटा सापडला. बॉल पायात, अडवायला कोणी नाही. तो थांबला आणि वळून वहाबभाईंकडे पाहू लागला.

“अबे, मार! तुह्या मनानं मार!” वहाबभाई रेषेवरून ओरडले.

“सांगा न, भाऊ,” पोचू म्हणाला, “कुठी मारू?”