पंधरावा नियम

“बॉस, मॅकलिंटॉकच्या साइडिंगला रिकामे डबे लावले. आता कुठं वळू?”

रेडिओवर इंजिन ड्रायव्हर क्लॅरी टासचा आवाज आला आणि व्हिन्स कॅमिलेरीचा हात सवयीनं माइककडं गेला. पण तो पोचायच्या आत शेजारच्या टेबलावरून उत्तर गेलंसुद्धा.

“तिथले भरलेले डबे घेऊन सरळ कारखान्यात ये, क्लॅरी. वाटेत तुला कुणी आडवं येणार नाही.”

“बरं, बॉस.”

बॉस म्हणे. सव्वीस गाळप हंगाम या कचेरीत तो शब्द व्हिन्सचा होता, आणि आता क्लॅरी तो शेजारच्या टेबलावरच्या टॅम्सिनला, सत्तावीस वर्षांच्या पोरीला, बहाल करत होता. व्हिन्सच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं हात मागं घेतला आणि उगाच पेन्सिलीला टोक काढत बसला.

उत्तर क्वीन्सलंडमधला हा साखर कारखाना जून ते नोव्हेंबर अखंड चालतो. ऊस येतो तो छोट्या रुळांवरून. यंत्रानं तुकडे केलेला ऊस सोळा तासांत गाळला नाही तर उतारा घसरतो, आणि ऊस वेळेत आला नाही तर गाळप थांबतं. इंजिनं सहा, डबे भरायच्या साइडिंगा, म्हणजे रुळांचे बाजूचे फाटे, सेहेचाळीस आणि रूळ बहुतेक एकेरी. कोणतं इंजिन कधी कुठं जाणार, हे रोज पहाटे व्हिन्स ठरवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण या मांडणीच्या तऱ्हा इतक्या होतात, की सगळ्या तपासायला बसलं तर ऊस वाळून सरपण होईल. तेव्हा सगळ्यांत उत्तम मांडणी शोधायच्या फंदात शहाणा माणूस पडत नाही. बरी सापडली की काम भागतं.

व्हिन्सची फळी भिंतीवर होती. तिच्यावर खिळे, खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले; एकेक बिल्ला म्हणजे एका इंजिनाची एका साइडिंगची खेप. लांबच्या साइडिंगा आधी लावायच्या, मग कुठल्याही दोन बिल्ल्यांची अदलाबदल करून बघायची. दहा मिनिटं वाचली तर राहू द्यायची, नाहीतर बिल्ले होते तिथं परत.

टॅम्सिन ओगिल्वी विद्यापीठातून आली ती हेच काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायला. मॅनेजरनं दोघांसमोर सांगून टाकलं होतं, “व्हिन्सच्या फळीवर उसाअभावी रोज चाळीस मिनिटं गाळप थांबतं. पंधरा दिवसांत तू ते अर्ध्या तासाच्या आत आणलंस तर फळी उतरवू. व्हिन्स, तुला वजनकाट्यावर जागा आहे.” वजनकाटा म्हणजे दिवसभर डबे मोजत बसायचं.

पहिल्याच दिवशी टॅम्सिन खुर्ची ओढून त्याच्या जवळ बसली. “व्हिन्स, तुम्ही कसं ठरवता ते सगळं सांगाल मला?”

त्यानं एकेक करून चौदा नियम सांगितले.

“एवढंच?”

“एवढंच.”

पंधरावा त्यानं ठेवून घेतला. कधीकधी कुठलेही दोन बिल्ले बदलले तरी मांडणी आणखी बिघडते, आणि तरी ती मुळात चांगली नसतेच. अशा वेळी तो एका इंजिनाचे सगळेच्या सगळे बिल्ले काढून टोपीत टाकायचा, बसलेली घडी आपल्या हातानं मोडायचा आणि पुन्हा मांडायचा. ही खुबी त्याला तिसऱ्या हंगामात सापडली होती. ती कुणालाही सांगायची नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिल्या आठवड्यात तिच्या कॉम्प्युटरनं गाळप रोज पंचावन्न मिनिटं थांबवलं. व्हिन्सला सुंठेवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोला, त्या आठवड्यात त्याला जेवणही गोड लागलं.

“अडकतंय कुठंतरी,” टॅम्सिन डोळे चोळत म्हणाली. “मिनिटाला लाखभर अदलाबदली करून बघतंय, पण दर वेळी आहे त्याच्याहून वाईटच निघतं.”

“होतं असं,” व्हिन्स म्हणाला आणि उठून तिच्यासाठी चहा करून आणला. इतक्या प्रेमानं त्यानं बायकोलाही कधी चहा दिला नव्हता.

पुढच्या सोमवारी क्लॅरी ओली गोणी घेऊन कचेरीत शिरला. गोणीत चिखलातले खेकडे वळवळत होते. हंगामाचे पहिले खेकडे क्लॅरी दर वर्षी व्हिन्सला आणून द्यायचा. व्हिन्स हसत उठला. क्लॅरीनं गोणी टॅम्सिनच्या टेबलाखाली ठेवली.

“तुला, बॉस. व्हिन्सनं काय, जन्मभर खाल्लेत.”

व्हिन्स पुन्हा बसला. आतून नुसता जळत होता तो.

“तोंड का उतरलंय गं?” क्लॅरीनं तिला विचारलं.

“अडकलंय रे माझं. काही केल्या सुटत नाही.”

“मग व्हिन्ससारखं कर की. अडकला की हा एका इंजिनाचे सगळे बिल्ले टोपीत टाकतो आणि पहिल्यापासून मांडतो. आम्ही ड्रायव्हर खिडकीतून बघायचो. टोपी निघाली की म्हणायचो, चला, आणखी एक कप चहा होतोय.”

टॅम्सिन व्हिन्सकडं वळली. व्हिन्सला त्या क्षणी खिडकीबाहेर फार महत्त्वाचं काहीतरी दिसत होतं.

“त्यालाच विचार ना,” क्लॅरी म्हणाला. “हा काय समोर बसलाय.”

तिनं काही विचारलं नाही, कीबोर्ड पुढं ओढला. गुरुवारी गाळप बावीस मिनिटं थांबलं, शुक्रवारी एकोणीस. मॅनेजर येऊन तिचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिला. फळी शनिवारी उतरवायची ठरली.

शुक्रवारी पाळी संपल्यावर व्हिन्स तिच्या मागं येऊन उभा राहिला. पडद्यावर ओळी भराभर सरकत होत्या. एका कोपऱ्यात लिहिलं होतं, व्हिन्स, आणि पुढं आकडा, ४१२.

“हे काय?”

“अडकलं की एका इंजिनाचं सगळं मोडून पुन्हा मांडायचं. त्या पायरीला तुमचं नाव दिलंय. आज सकाळपासून चारशे बारा वेळा केलं.”

व्हिन्स म्हणाला, “मी तुला ते मुद्दाम सांगितलं नव्हतं.”

“कळलं होतं मला.”

“मग माझं नाव कशाला घातलंस?”

“मग काय क्लॅरीचं घालू?”

“नको,” व्हिन्स झटकन म्हणाला.

टॅम्सिनला हसू आलं. त्याला आलं नाही. तो आकड्याकडं बघत होता.

“यातले किती कामी आले?”

“नऊ.”

“नऊ,” तो म्हणाला. “मी सकाळी एकदाच करायचो. आणि ते कामी यायचं.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

साफ खोटं होतं ते. कित्येक सकाळी पाच-पाच वेळा बिल्ले काढूनही काही जमायचं नाही. मग तो जे असेल तेच रेडिओवर खणखणीत आवाजात सांगून मोकळा व्हायचा, आणि सहाही इंजिनं निमूट निघायची.

त्याला नीट दिसावं म्हणून टॅम्सिननं खुर्ची जरा बाजूला घेतली. व्हिन्स उभ्या उभ्याच आपल्या नावापुढचा आकडा बघत राहिला. चारशे तेरा झाले, चौदा झाले.