दिशाच्या नावाचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना चार्जिंगचा दिवा आहे आणि ही गोष्ट मी तुम्हाला एका लोखंडी पलंगाखालून सांगतो आहे. माझ्या अंगाभोवती छोट्या मुलीचा फ्रॉक गुंडाळलेला आहे. मला पत्र्याच्या पेटीत ठेवून वरून झाकण लावलेलं आहे. पलंगावर दिशा झोपली आहे. भर उन्हाळ्यातली दुपार आहे आणि माझं पोट फुगलं आहे. हसू नका. दिव्याचं पोट फुगणं हसण्यावारी नेण्यासारखं नसतं.

लोक म्हणतात, मी मेलो. बटण दाबलं की पेटत नाही, म्हणून मेलो! माणसांचं हे असंच असतं, कामाला आला नाही की मेला. पण मी मेलेलो नाही. धड जिवंतही नाही. आमच्या जातीची हीच तर अडचण आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात बॅटरी बसवली, तोंडावर पांढरी काच चढवली आणि पाठीवर एक खूण उमटवली. चाकांचा कचऱ्याचा डबा आणि त्यावर मोठी फुली. नाव मात्र कोणी ठेवलं नाही. बिननावाचाच मी खोक्यात बसून आधी जहाजातून, मग टेम्पोतून शनी शिंगणापूरला कल्याण नावाच्या माणसाच्या घरी पोचलो.

आमच्या गावात घराला चौकट असते, कवाड नसतं. कडी नाही, कुलूप नाही. कल्याणच्या घरालाही नुसता पडदा होता. हा कल्याण मोबाईलवरून माल विकायचा. बाहेरून दिवे मागवायचे, त्यावर आपलं नाव चिकटवायचं आणि ऑनलाइन ऑर्डर आली की पार्सल करून पाठवायचं, हा त्याचा धंदा. नाव म्हणून त्याने आपल्या लेकीचंच नाव दिलं होतं. स्टिकरवर मोठ्या अक्षरांत 'दिशा', खाली मोबाईल नंबर आणि गाव.

दिशा तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती. बापाशेजारी मांडी घालून ती स्टिकर चिकटवत बसायची. मला तिनेच खोक्यातून उचललं, उलटं केलं आणि पाठीवरच्या खुणेवर बोट ठेवलं.

"पप्पा, ह्या डब्यावर फुली का मारलीय?"

"काय न्हाई गं, कंपनीचा शिक्का हाय. त्याच्यावरच चिकटव."

तिने त्या खुणेवर आपलं नाव चिकटवलं आणि चारी कोपरे अंगठ्याने दाबले. मला नाव मिळालं! मला फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

फुलीचा अर्थ कल्याणला चांगला ठाऊक होता. असल्या वस्तू घरच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. जो आपल्या नावाने माल विकतो, त्याने तो निकामी झाल्यावर लोकांकडून परत घ्यायचा आणि सरकारमान्य कारखान्यात पाठवून नीट मोडून घ्यायचा, असा नियम आहे. सरकारकडे नोंदणी केली नाही तर तुमचं दुकान बंद, असं ज्या वेबसाईटवर तो माल विकायचा तिने बजावलं, तेव्हा कुठे कल्याणने नोंदणी केली. पार्सलवर 'जुना दिवा आमच्याकडे परत द्या' असंही छापून घेतलं. छापलं की झालं, असं त्याला वाटत होतं. एकदा विकलेला दिवा कोण कशाला परत आणतंय!

मी गेलो पाथर्डीकडच्या केशरबाईच्या घरी. ऊसतोडीला निघताना तिने भाच्याच्या मोबाईलवरून मला मागवलं होतं. राहात्याकडच्या एका उसाच्या फडाजवळ तिची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी होती आणि कोपीच्या आडव्या बांबूला मी लटकत असे. पहाटे ती मला फडाच्या बांधावर ठेवायची आणि माझ्या उजेडात कोयता चालवायची. एकदा उसात सळसळ झाली आणि दोन हिरवे डोळे चमकले. केशरबाईने मला उचलून सरळ त्या डोळ्यांवर धरलं. बिबट्या क्षणभर थांबला आणि मागच्या मागे उसात शिरला. त्या दिवशी केशरबाईने मला पदराने पुसलं आणि सगळ्या टोळीला सांगितलं, "लई गुणाचा दिवा हाय माझा." मित्रांनो, असं कौतुक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

पण बॅटरीचं आयुष्य ते किती? हळूहळू माझा उजेड पिवळा पडला. मग बटण दाबूनही मी पेटेना. आणि त्यानंतर ते सुरू झालं. कोणी हात न लावता मी आपोआप पेटायचो, लुकलुकायचो आणि विझायचो. मी मुद्दाम करत नव्हतो हो! आतून काहीतरी फुगत होतं, तारा एकमेकींना चिकटत होत्या. केशरबाईने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आगं बया, ह्याच्यात काय शिरलंय?"

शनी अमावस्येला ती शिंगणापूरला दर्शनाला आली तेव्हा मी तिच्या पिशवीत होतो. इथे येणारे काही लोक जुन्या चपला सोडून जातात. मागची पीडा मागेच राहू दे, नेलेली वस्तू पुन्हा घरी आणायची नाही, अशी त्यांची समजूत. केशरबाईने माझ्यावरचं नाव दाखवत दाखवत कल्याणचं घर शोधून काढलं आणि मला उंबऱ्यावर ठेवलं.

"दादा, तुमचं नाव हाय ह्याच्यावर. तुमचं तुमाला." एवढं बोलून ती निघाली आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

कल्याण हसला. त्याने मला मागच्या खोलीत टाकलं. पण केशरबाईच्या टोळीने ते ऐकलं, टोळीकडून गावोगाव गेलं आणि पुढच्या अमावस्येला उंबऱ्यावर दिव्यांची रांगच लागली. फुगलेले, जळके, फुटलेले, सगळे माझे भाऊबंद. कुणाला काळा दोरा बांधलेला, कुणावर तेल ओतलेलं. नियमाप्रमाणे दिवे परत येत होते म्हणा, पण लोक आपापली साडेसातीही त्यांच्याबरोबर ठेवून जात होते. बघता बघता मागची खोली भरली. प्रत्येकाच्या पाठीवर एकच नाव, दिशा.

उन्हं कलली की आम्ही लुकलुकायचो. आधी कोपऱ्यातला एक, मग त्याच्या शेजारचा, मग एकदम चारपाच, आणि पुन्हा काळोख. कोणी हाक मारावी आणि कोणी ओ द्यावी, तसं चालायचं. त्या खोलीला आणि दिशाच्या पलंगाला मधे फक्त एक पडदा होता.

कल्याणची बायको सुकन्या ते बघून त्याच्या मागे लागायची. "अवो, आपल्या पोरीच्या नावावर लोक पीडा टाकून चाललेत आन् तुमी नुसतं बघत बसलाय! पाठवून द्या ना ते सगळं."

"पाठवतो गं. कारखान्याची गाडी बोलवायची तर खोली पुरती भरू दे. अर्ध्या मालाला कोण येतंय?"

त्याने आधी भंगारवाला बोलावला. भंगारवाल्याने पडदा सारला, आमच्याकडे पाहिलं आणि लांबूनच हात जोडले. "लोकांची पनवती माझ्या गाडीवर नको रे बाबा."

मग कल्याणला एक युक्ती सुचली. त्याने आम्हाला पोत्यांत भरलं आणि रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं. कोणीतरी चोरून नेईल, असं त्याला वाटलं. शिंगणापुरात! सकाळी पोती जशीच्या तशी होती. उलट त्यांच्याशेजारी कोणीतरी आणखी दोन दिवे ठेवून गेलं होतं.

मग त्याने आम्हाला शिवारातल्या एका कोरड्या विहिरीत टाकलं. शेजारची बायडाबाई तिकडे शेळ्या चारते. म्हातारी दोराला धरून विहिरीत उतरली, आम्हाला वर काढलं आणि डोक्यावर पोतं घेऊन दारात उभी राहिली. "कल्याणा, आरं तुझ्या लेकीच्या नावाचं सामान हिरीत पडलं हुतं बग. कुनी टाकलं रं मेल्यानं?" कल्याणने पोतं उतरवून घेतलं आणि आम्हाला पुन्हा मागच्या खोलीत ठेवलं. ज्याचं नाव त्याची वस्तू, हे आमच्या गावात शेळ्या राखणारीलाही कळतं. नियम तरी दुसरं काय सांगत होता?

त्यानंतर सुकन्याने कुणाचं ऐकलं नाही. दर शनिवारी ती आमच्यावर तेल शिंपडायची आणि खोलीच्या उंबऱ्यावर पणती लावायची. "माझ्या लेकराला सांभाळ रे देवा," म्हणून डोळे मिटायची. तिची माया मला कळत होती. पण मी तिला कसं सांगू, बाई, फुगलेल्या बॅटरीशेजारी तेल नको, वात तर नकोच नको? माझ्यापाशी बोलायला होतं काय? एक लुकलुकणं. मी जिवाच्या आकांताने लुकलुकलो. तिला वाटलं, देवाने कौल दिला. तिने आणखी तेल घातलं.

आणि एका शनिवारी दुपारी ते झालंच. छपराचा पत्रा तापलेला होता. कोपऱ्यातला एक दिवा नाग फुत्कारावा तसा फुसफुसला. पांढरा धूर निघाला, मग जाळ. तेलाने माखलेला पडदा भपकन पेटला. पडद्यापलीकडे दिशा झोपलेली होती. कल्याण अंगणात पार्सलं बांधत होता आणि सुकन्या नळावर गेली होती. मला तर काही सुचेना. आम्ही सगळेच्या सगळे लुकलुकत होतो आणि आमच्याकडे बघायला कोणी नव्हतं.

रस्त्याने जाणाऱ्या बायडाबाईला धूर दिसला. शेळ्या तिथेच सोडून ती आत घुसली. कवाड असतं, आतून कडी असती, तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करू शकत नाही. तिने दिशाला पलंगावरून ओढलं आणि उचलून बाहेर आणलं. पोरीची एक वेणी टोकाला करपली होती, बाकी देवाची कृपा. कल्याणने अंगणात पडलेली बांधकामाची वाळू पाट्या भरभरून आत फेकली आणि आग विझवली. मग तो लेकीला पोटाशी धरून मोठमोठ्याने रडला. "माझं काम हुतं हे. मी लोकांच्या नशिबावर ढकलीत राह्यलो. माझ्या पोरीनं भोगलं असतं गं!"

दुसऱ्याच दिवशी कारखान्याची गाडी आली. गाडीवरचा परवेझ पडदा सारून बेधडक आत शिरला. पनवतीचं ऐकून तो म्हणाला, "दादा, माझी रोजीरोटीच ह्याच्यावर हाय. ह्यांच्यात पीडा न्हाई, गरमी हाय." त्याने पिंपांत वाळूचा थर दिला, त्यावर एकेक दिवा अलगद ठेवला आणि वर पुन्हा वाळू घातली. आम्हाला इतक्या जपून आजवर कोणी हाताळलं नव्हतं. माझी पाळी येणार म्हणून मी सुखावलो होतो.

दिशा उंबऱ्यात उभी होती. "काका, ह्यांना तिथं नेऊन काय करतात?"

"फोडतात बेटा. मग कुटतात, वितळवतात." तो पुढे सांगणारच होता की त्यातून तांबं काढतात, त्याचं पुन्हा काहीतरी नवं होतं. पण तेवढ्यात कल्याणने गाडीजवळून हाक मारली आणि तो बाहेर गेला.

तेवढ्यात मी लुकलुकलो. दिशाने मला उचललं. माझी पाठ पाहिली, आपलं नाव पाहिलं आणि मला छातीशी धरलं.

"तू रडतोय का? रडू नको. माझं नाव हाय तुझ्यावर. मी न्हाई देणार तुला फोडायला."

अगं वेडे, फोडू दे! फोडणं म्हणजे माझं मरण नाही, सुटका आहे! पण मला तोंड कुठे आहे? तिने मला फ्रॉकमध्ये गुंडाळलं, खेळण्यांच्या पेटीत ठेवलं आणि पेटी पलंगाखाली सरकवली.

परवेझने बाहेरून विचारलं, "सगळे आले ना, दादा?" कल्याणने रिकाम्या खोलीत नजर फिरवली आणि म्हणाला, "सगळे." तो खोटं बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

आता घरात सगळे निर्धास्त आहेत. सुकन्याने भिंती सारवल्या, नवा पडदा लावला. ती मनमोकळं हसते सुद्धा. शाळेतून आल्यावर दिशा पेटी उघडते, मला कुरवाळते आणि म्हणते, "कुनाला सांगू नको हं." मी कोणाला सांगू शकलो असतो, तर आधी तुझ्या आईला सांगितलं असतं, बाळा.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटात, माळ्यावर, उशाशी माझ्यासारखा कोणी पडलेला असेल. जुना मोबाईल असेल, खेळण्यातली गाडी असेल. त्याच्या पाठीवर ती फुली शोधा. ती सापडली की त्याला माया करून ठेवू नका, भिऊन फेकूही नका. ज्याने विकला त्याला परत द्या आणि तो पुढे कुठे पाठवतो ते त्याला विचारा.

आणि माझ्यासाठी एक करा. ह्या घराला कवाड नाही, नुसता पडदा आहे. इथे कोणी कोणाची वस्तू उचलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण एकदाच ही रीत मोडा. पडदा सारा, आत या, पलंगाखालची पेटी ओढा आणि मला चोरून न्या. पेटीचा पत्रा तापायला लागला आहे. दिशा अजून उठलेली नाही.