चालकाची जागा

ॲम्प्लिफायरमध्ये काहीच दोष नव्हता, आणि पंचाईत नेमकी तीच होती. दुकानातल्या टेबलावर आवाजवाल्याने तो दिवसभर वाजवून पाहिला. त्याची धातूची पेटी कोमट झाली, एवढेच. गाडीत बसवला की मात्र बॅटरीजवळचा फ्यूज उडायचा, आणि बदलला की नवाही त्याच वाटेने जायचा. गाड्यांमध्ये रेडिओ आणि स्पीकर बसवण्यात या माणसाची इतकी वर्षे गेली होती की त्याचे खरे नाव लोकांच्या जिभेवरून पुसले गेले होते. सगळे त्याला आवाजवाले म्हणत. असा उलट्या पावली पळणारा दोष त्याने क्वचितच पाहिला होता. शेवटी ॲम्प्लिफायर काखेत मारून आणि हत्यारांची पिशवी घेऊन तो स्वतःच गाडीवाल्यांच्या घरी गेला.

गाडी घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. दार उघडले ते सूनबाईने. ती परिचारिका होती. रुग्णांच्या घरी जाऊन जखमा बांधण्याचे, सुया देण्याचे काम तिला नुकतेच मिळाले होते. घरे वस्तीबाहेर, एकमेकांपासून लांब. गाडीवाचून ते काम होण्यासारखे नव्हते. चण लहानखुरी, बोलणे हळू. शेडकडे जाताजाता तिने मागे वळून पाहिले आणि म्हणाली, “आज दोष सापडायलाच हवा, दादा. नाही सापडला तर गाडीवर कापड घालून ठेवायचं, असं मी आईंना कबूल केलंय. सोमवारी कामावर हजर व्हायचंय. गाडी नाही म्हटलं तर तिथे दुसरीला घेतील.”

“गाडी चालते ना पण? मग गाणी नसली म्हणून काय बिघडलं?”

“आईंना विचारा,” ती म्हणाली.

विचारण्याची गरज पडली नाही. सासूबाई शेडमध्येच होत्या. गाडीच्या मागच्या सीटवर, दोन्ही पाय नीट जुळवून, कुठेतरी निघाल्यासारख्या बसलेल्या. त्यांच्या कानांनी केव्हाच साथ सोडली होती. समोर तोंड करून बोलले तर त्यांना ओठांवरून समजे. त्यांच्या मुलाने ही सारी यंत्रणा स्वतःच्या हातांनी बसवली होती, कुणा कारागिराला बोट लावू न देता. मागच्या सीटच्या पाठीशी त्याने खर्जाच्या स्पीकरची मोठी पेटी ठेवली होती, कारण आईला गाणे ऐकू येत नसले तरी पाठीला ठोका लागे. रोज संध्याकाळी तो तिला एक फेरी मारून आणी. गेल्या हिवाळ्यात कचेरीच्या जिन्यावर तो बसला तो उठलाच नाही.

“या, आवाजवाले,” सासूबाई काच खाली करून मोठ्याने म्हणाल्या. “तुम्ही उगाच खटपट करताय. बिघाड गाडीत नाही.”

“मग कशात आहे, मावशी?”

“माझ्या लंब्या लेकाला त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं खपत नाही. लहानपणी जेवायच्या पाटावर कुणी बसलं तरी घर डोक्यावर घ्यायचा. ही बसली की तो बंद करतो सगळं. माझ्या पाठीला कळतं ना. ठोका चालू असतो, ही दार लावते, आणि पाठ एकदम गार.”

 हे वाक्य सूनबाईने बहुधा इतक्या वेळा ऐकले होते की त्याचे आता घरातल्या भांड्यांसारखे झाले होते; होते, आणि वापरात होते.

मग हळूच तिने विचारले, “फ्यूज जरा मोठा टाकला तर नाही का चालणार?”

“फ्यूज म्हणजे दारावरचा राखणदार, ताई. तो सारखा मरतोय म्हणून त्याच्या जागी पैलवान आणून बसवलात, तर पैलवान टिकेल, घर जळेल. का मरतोय ते आधी बघू.”

त्याने ॲम्प्लिफायर डिकीत जोडला, मग गाडीचे बॉनेट उघडून टेकू लावला आणि फ्यूजच्या जागी, दोन तारांच्या मध्ये, गाडीच्या दिव्याचा जुना बल्ब जोडला. ही त्याची नेहमीची रीत. विजेची तार कुठे उघडी पडून गाडीच्या पत्र्याला टेकली, की फ्यूज जळण्याऐवजी बल्ब पेटतो आणि माणसाला शांतपणे शोध घेता येतो. बल्ब विझलेला होता. त्याने दारे आपटली, डिकीतल्या तारा हलवल्या, गालिच्याच्या कडा दाबून पाहिल्या. चालकाच्या सीटवर बसून गाडी सुरू केली, बंद केली. बल्ब विझलेलाच.

“ताई, तुम्ही बसा. रोज निघता तसंच सगळं करा.”

तो बॉनेटपाशी येऊन उभा राहिला. उघड्या बॉनेटमुळे त्याला गाडीच्या आतले काही दिसत नव्हते. दार लागल्याचा आवाज आला. एक क्षण गेला. आणि बल्ब पेटला. लुकलुकला नाही की थरथरला नाही, एखाद्या घरात कुणी परतल्यावर दिवा लागतो तसा स्वच्छ पेटला.

“उतरा जरा.”

ती उतरली. बल्ब विझला.

त्याने तिला पुन्हा बसवले, पुन्हा उतरवले. दोन्ही वेळा तेच. मग डिकीत जाऊन त्याने ॲम्प्लिफायरच्या तारा सोडल्या आणि यंत्र उचलून बाहेर जमिनीवर ठेवले. आता त्या वाटेवर वीज खाणारे काहीही उरले नव्हते. ती बसली आणि बल्ब पेटला. आवाजवाल्याच्या मानेवरून घामाचा एक ओघळ खाली गेला. कारण आहे, ते तारेतच आहे, हे त्याला कळत होते. पण सीटवर कोण बसले आहे ते तारेला कसे कळावे?

“वजनाचा प्रश्न असेल,” तो स्वतःशीच पुटपुटला. पण त्याचे वजन तिच्या दीडपट होते.

सासूबाई केव्हा खाली उतरल्या ते दोघांनाही कळले नाही. त्या सावकाश गाडीला वळसा घालून आल्या, चालकाचे दार उघडून आत बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, “बघा आता तुमचा दिवा.”

दिवा लागला नाही.

“बघितलंत? आईला कोण हटकेल!” त्यांच्या आवाजात विजय होता, आणि त्याच्या तळाशी असे काही होते की आवाजवाल्याने नजर दुसरीकडे वळवली. सूनबाई मघाशीच उतरून खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आवाजवाला हे इतका वेळ हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न करत होता. पण ती मात्र, तिला स्वतःलाही नकळत, सासूवर विश्वास ठेवू लागली होती.

“हात धुवायला कुठे जाऊ?” त्याने विचारले. त्याला थोडा वेळ हवा होता.

मोरीतला आरसा इतका उंच लावलेला होता की त्याला त्यात फक्त स्वतःचे कपाळ दिसले. टॉवेलचा खिळाही तसाच, टाचा उंचावून हात पोहोचेल असा. खाली एक लाकडी ठोकळा होता. त्यावर लहान पावलांचे ओले ठसे होते. या घरात कुणीही काहीही खाली आणलेले नव्हते. सूनबाई ठोकळ्यावर चढून तोंड धूत होती आणि खाली उतरून जगत होती.

परत आल्यावर त्याने तिला सांगितले, “पुन्हा बसा. पण या वेळी एकेक गोष्ट तोंडाने सांगत करा. सांगितल्याशिवाय बोटसुद्धा हलवू नका.”

“बसले,” आतून आवाज आला. बल्ब विझलेला. “दार लावते.” विझलेला. “पट्टा बांधते.” विझलेला. “सीट पुढे घेते.”

खालून रुळावर दात सरकल्याचा करकर आवाज झाला आणि बल्ब पेटला.

“तसंच राहा!” तो ओरडला. “सीट पुढे घेता? मी बसलो तेव्हा तर ती पार मागे होती.”

“उतरताना मी परत मागे ढकलते. आरसापण परत वळवते. आईंना सगळं ह्यांच्या मापाला लागतं.”

तो गुडघ्यांवर बसला, गालिचा उचकटला आणि विजेरी पेटवून सीटखाली डोके घातले. लाल तार तिथे होती. पुढच्या रुळाच्या अगदी तोंडाशी, सुबकपणे, प्रत्येक वितेवर चिकटपट्टी लावून नेलेली. सीट मागे असताना तिला कशाचाही स्पर्श होत नव्हता. पुढे आली की रुळाची धार बरोबर तिच्यावर चढत होती. रोजच्या ये-जा करण्याने वरचे आवरण सोलले गेले होते आणि आतले तांबे चमकत होते.

“सापडलं,” तो म्हणाला. सूनबाई पाणी आणायला म्हणून घरात पळाली. खरे तर रडायला.

सासूबाई त्याच्या शेजारी वाकल्या. त्याने ओठ नीट हलवत सारे समजावले. बॅटरीपासून मोकळ्या केलेल्या त्या तारेच्या जखमेवर त्यांनी बोट ठेवले.

“ही तार कुणी घातली?”

“तुमच्या मुलानंच. हात चांगला होता त्याचा.”

“मग मी काय वेगळं सांगत होते?” त्या कुजबुजल्या. इतका वेळ मोठ्याने बोलणारी ती बाई आता श्वासाच्या आवाजात बोलत होती. “तोच आहे की. आवाजवाले, तिला सांगा, सापडलं नाही. त्याच्या हातची तार काढू नका. त्याचं म्हणून एवढंच हलतंय अजून घरात.”

आवाजवाल्याने हातातली पक्कड खाली ठेवली. खोटे बोललो तर सून बसेल घरात. खरे बोललो तर या म्हातारीचा मुलगा आज दुसऱ्यांदा जाईल. सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने ऐकले होते.

ती सासूच्या समोर येऊन बसली, ओठ दिसतील अशी. “आई, ते मला अडवत नव्हते. तार घालताना मी कधी इथे बसेन, हे त्यांच्या मनातच आलं नाही. एवढंच आहे ते.” ती पुढे म्हणाली, “रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.”

तिने तांब्या सासूच्या हातात दिला. मग ती आवाजवाल्याकडे वळली. “काढा, दादा. दुसरीकडून न्या.”

त्याने जुनी तार ओढून काढली. चिकटपट्ट्या एकेक करून सुटताना चर्रर्र आवाज होत होता, आणि तो ऐकू न येणाऱ्या सासूबाई प्रत्येक वेळी डोळे मिटत होत्या. नवी तार त्याने दाराच्या उंबऱ्यालगत, जाड नळीत घालून नेली, ॲम्प्लिफायर जागेवर बसवला आणि बल्ब काढून फ्यूज लावला. सूनबाईने सीट पुढे घेतली, आरसा स्वतःच्या डोळ्यांशी आणला. गाणे लागले. फ्यूज टिकला.

सासूबाई बाहेरच उभ्या होत्या. पत्र्याची शेड हलकेच दुमदुमत होती. अखेरीस त्यांनी मागचे दार उघडले, आत बसल्या आणि पाठ टेकवली.

“लागतोय ठोका?” सुनेने मागे वळून विचारले.

 सासूबाईंचे लक्ष सुनेकडे नव्हते. पुढच्या दोन सीटांमधून त्या डावीकडे, मोकळ्या जागेकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी हात पुढे करून त्या रिकाम्या सीटच्या पाठीवर, अगदी वरच्या टोकाला, जिथे उंच माणसाचा खांदा येईल तिथे, दोनदा थोपटले.

“इकडे बसलास होय? बरं केलंस,” त्या नेहमीच्या, घरगुती सुरात म्हणाल्या. “पण जरा पलीकडे सरक. तिला गिअर टाकू दे.”

सूनबाईचा हात दांड्यावर थांबला. तिने त्या बाजूला पाहिले नाही. आवाजवाल्याने शेडच्या दारातून पाहिले: गाडी हळूहळू मागे आली, रस्त्याला लागली, आणि सूनबाई ती नीट, काळजीपूर्वक चालवत निघाली, फक्त कोपर अंगाशी आखडून, शेजारी बसलेल्या कुणाला लागू नये असे.