आखूड फेरी

खेळाच्या सरांना शाळेत ‘शिट्टी’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. वसाहतीच्या टोकाच्या त्या सरकारी शाळेत टोपणनावाशिवाय कोणी सुटलंच नव्हतं. मुख्याध्यापकांचंही एक होतं, पण ते लिहिण्यासारखं नाही. तीन मजली इमारत, मागे मैदान, बाजूला सभागृह. सभागृहाच्या एका कोपऱ्यात बँडवाले ढोल बडवत, दुसऱ्या कोपऱ्यात नाटकवाले रडण्याचे प्रसंग बसवत, आणि कटकट झाली की दोघांनाही मैदानावर हाकलून शिट्टीसरांच्या गळ्यात मारलं जाई.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांच्या गाड्यांसाठी मैदानाच्या टोकाला शेड उभी राहिली. सरांना कोणी विचारलं नाही, विचारायची पद्धतच नव्हती. शाळा उघडायच्या सुमारास सर नेहमीसारखे दोरी, हातोडी आणि चुन्याच्या फक्कीचं पोतं घेऊन ट्रॅक आखायला गेले. मैदानात दोन खुंट्या ठोकायच्या, खुंटीला दोरी बांधून वळण फिरवायचं, मग दोन्ही वळणं सरळ रेघांनी जोडायची. सुरुवातीची रेघ त्यांनी नेहमीच्या जागी ओढूनही टाकली आणि मग पाहतात तर पलीकडचं वळण शेडमध्ये घुसतंय. शेडला चार शिव्या घालून त्यांनी तिकडची खुंटी चार मीटर आत घेतली. म्हणजे फेरी आठ मीटरने आखूड झाली. आठशे मीटरच्या चार फेऱ्या, तेव्हा शेवट तिथेच ठेवून सुरुवातीची रेघ बत्तीस मीटर मागे न्यायची. हे सगळं त्यांना तिथेच उभ्या उभ्या कळलं होतं. तेवढ्यात शिपाई आला. पुरवणी परीक्षेला पर्यवेक्षक कमी पडत होते. सर हात झटकून गेले, दुपारभर पोरांच्या कॉप्या पकडत बसले, आणि रेघ राहिली ती राहिलीच.

मग काय विचारता! त्या वर्षी अख्खी शाळा वाऱ्यासारखी पळू लागली. ज्या पोरांना जिना चढताना धाप लागायची त्यांच्याही वेळा सुधारल्या. सरांना वाटलं, सकाळच्या नव्या सरावाचा गुण आला. माणसाला आपलं कौतुक खोटं वाटत नाही. आंतरशालेय सामने यंदा बंदच होते. गेल्या वर्षी दोन शाळांच्या मुलांनी एकमेकांची डोकी फोडली होती, म्हणून वरून हुकूम आला होता. त्यामुळे बाहेरच्या मैदानावर पाय ठेवायची वेळच आली नाही.

सगळ्यांत पुढे होती काडी. दहावीतली पोर, नावाप्रमाणेच. तिची आठशे मीटरची वेळ पाहून सरांनी घड्याळ कानाशी नेऊन हलवलं होतं. तिचं नाव दर्शनी भिंतीवरच्या फलकावर रंगवलं गेलं.

पण हीच काडी गणितातही पहिली होती, आणि पेच तिथेच होता. विज्ञान विद्यालयाची प्रवेश परीक्षा आणि क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी एकाच रविवारी आली. दोन्हीकडे राहणं-शिकणं फुकट, दोन्हीकडे वयाची अट, पुढच्या वर्षी दोन्ही दारं बंद. गणिताच्या बाई शिक्षकखोलीत सरांवर चालून आल्या.

“अहो, त्या मुलीच्या डोक्याचं सोनं आहे. पायांचं काय, आज आहेत, उद्या मुरगळले!”

“बाई, तिच्या वेळा बघा एकदा. गेल्या वर्षीच्या निवडीत ती पहिली आली असती.”

वेळा पाहून बाईंनी हट्ट सोडला, आणि काडीचं चाचणीला जायचं ठरलं. आकड्यांशी भांडायची त्यांना सवय नव्हती.

शनिवारी दुपारी पुसट झालेल्या रेघांवर फक्की मारताना सर शेडकडच्या खुंटीपाशी आले आणि त्यांचा पाय एका भोकात मुरगळला. जुन्या खुंटीचं भोक. त्यांनी खुंटीकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, मग लांब सुरुवातीच्या रेघेकडे पाहिलं. टेप आणून मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी मोजलं. मग ते तिथेच मातीत बसले.

परीक्षा उद्या होती. प्रवेशपत्र काडीकडे आलेलं होतं. अजून सांगता आलं असतं. सर लंगडत थेट तिच्या घरी गेले.

दार वडिलांनी उघडलं. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे, उद्यासाठी त्यांनी रजा टाकली होती. आई नव्या बुटांच्या नाड्या ओवत होती, आणि काडी पलंगावर पाय भिंतीला लावून पडली होती.

“या या, सर! बसा ना. आम्ही तुमचंच बोलत होतो.”

सर बसले. “काडी, ती परीक्षा... तयारी झालीच होती ना तुझी?”

काडी उठून बसली. “झाली होती. का हो सर?”

“नाही, म्हणजे... अजून विचार करायचा असला तर...”

वडील हसले. “सर, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं? आता विचारबिचार काही नाही. फलकावर नाव आहे पोरीचं! आमच्या सात पिढ्यांत कोणाचं भिंतीवर लागलं नव्हतं.”

आईने चहा पुढे केला. सरांनी तो घेतला, आणि चहाबरोबर ते शब्दही गिळले. पळेलही कदाचित, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. भित्र्या माणसाला ‘कदाचित’ फार उपयोगी पडतं.

रविवारी मोठ्या मैदानावर काडी सुरेख पळाली. अगदी शेवटपर्यंत, पण तिच्या शेवटापर्यंत. अंतर कितीही असो, पाय वर्षभर एकच शर्यत शिकले होते. जिथे जोर लावायचा तिथे तिने लावला, सगळ्यांच्या पुढे गेली, वडील घसा बसेपर्यंत ओरडत नाचले, आणि मग तिची शर्यत संपली. रेघ अजून पुढे होती. शेवटच्या तुकड्यात एकेक मुलगी तिला मागे टाकत गेली. काडी सातवी आली. दोघींचीच निवड होती.

परतताना बसमध्ये ती सरांच्या शेजारी येऊन बसली.

“सर, सॉरी. तुम्ही एवढी मेहनत घेतली. मीच घाबरले.”

सर म्हणाले, “होतं असं.”

सोमवारी उजाडताच त्यांनी शाळेत जाऊन सुरुवातीची रेघ बत्तीस मीटर मागे आखली. जुनी आता फक्त शेवटाची राहिली. निदान आता तरी खरं असू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दोन दिवसांनी काडी सरावाला आली. नवी रेघ कुठे आहे ते तिने पाहिलंसुद्धा नाही. सर त्या रेघेवर उभे होते, तिथे जाऊन उभी राहिली. जीव तोडून पळाली. सरांच्या मनगटाला धरून तिने घड्याळ आपल्याकडे वळवलं, बराच वेळ पाहत राहिली.

“सर, माझे पाय गेले,” ती म्हणाली.

हीच वेळ होती. मैदानावर दुसरं कोणी नव्हतं. सरांनी तोंड उघडलं, आणि गळ्यातली शिट्टी उगाचच हातात धरली.

“दमली असशील. उद्या बघू.”

काडीने मान हलवली. पायरीवर बसून तिने नवे बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधल्या आणि ते सरांपुढे धरले.

“कपाटात ठेवा, सर. कोणीतरी चांगली पळणारी आली तर तिला द्या.”

आणि ती अनवाणीच वर्गाकडे गेली, फलकाखालून.