पहिल्या आवृत्तीवरची सही

निवृत्त पोस्टमास्तरांच्या कपाटात त्यांच्या लाडक्या कादंबरीकाराच्या अकराही कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या होत्या आणि दहांवर त्याची सही होती. राहिली होती ती नेमकी पहिली कादंबरी. ती रद्दीच्या दुकानात सापडायलाच वीस वर्षं गेली होती. मास्तरांनी ती सवयीप्रमाणे कोऱ्या कागदात नीट गुंडाळली आणि तडक कादंबरीकाराचं घर गाठलं.

नव्वदीच्या कादंबरीकाराने कागद उलगडला आणि त्याचे डोळेच भरून आले.

"अहो, ही माझ्याकडेसुद्धा नाही! आणि तुम्ही मला भेट आणलीत?"

मास्तरांनी तोंड उघडलं. तोवर म्हाताऱ्याने पुस्तक छातीशी धरून लेकीला हाक मारली होती, "बघ गं, जगात अजून देवमाणसं आहेत!"

देवमाणसाने तोंड मिटलं.

पुस्तक काचेच्या कपाटात गेलं आणि किल्ली म्हाताऱ्याच्या खिशात. बदल्यात मास्तरांना त्याच कादंबरीची सोळावी आवृत्ती मिळाली, थरथरत्या सहीसकट.

"झाली का एकदाची सही?" घरी बायकोने विचारलं.

"झाली," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुस्तकाच्या त्या परत आणलेल्या मोकळ्या कागदाची घडी घालून ती कपाटात पहिल्या कादंबरीच्या रिकाम्या जागी ठेवली.